रात्री उठून बसणारा हॅकिंटॉश: नेट आणि झोप ताळ्यावर आणायची रीत

पाचपाखाडीतल्या आमच्या घरात हॉल हीच माझी कामाची जागा आणि तीच आईची झोपायची. तिथेच माझा हॅकिंटॉश, म्हणजे ॲपलची मॅकओएस बसवलेला साधा पीसी. जूनमधल्या एका रात्री अडीचच्या सुमारास मॉनिटर आपोआप उजळला, कॅबिनेटचे पंखे घरघरले आणि दहा मिनिटांनी सगळं पुन्हा निजलं. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळता गाळता आई म्हणाली, "अरे, तुझं ते मशीन रात्री उठून बसतं. मीठ-मोहऱ्या ओवाळू का?"

मीठ-मोहऱ्या ओवाळून भागलं असतं तर बरं झालं असतं. शनिवार-रविवार धरून पाच दिवस गेले. त्यातले साडेतीन दिवस मी चुकीच्या क्रमाने चुकीच्या गोष्टी बदलत होतो. त्यामुळे या लेखात उपायांइतकंच महत्त्व क्रमाला आहे: आधी नेट, मग यूएसबी, मग बायोस (बोर्डाची स्वतःची मूळ सेटिंग) आणि सगळ्यात शेवटी झोप. झोपेच्या बहुतेक तक्रारींचं मूळ यूएसबीत असतं आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच नेटवर्क कार्डात. थेट झोपेलाच हात घातला की माणूस गोल गोल फिरत राहतो.

माझं मशीन असं: आठव्या पिढीचा आय-५, बी-३६० चिपसेटचा बोर्ड, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, एनव्हीएमई एसएसडी. मॅकओएस सुरू करून देणारा बूटलोडर ओपनकोअर, मॅकओएसला दाखवायची ओळख आयमॅक १९,१ ची, आवृत्ती मॅकओएस व्हेंच्युरा. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून दोन खेपांत, लोकलच्या गर्दीत पोटाशी धरून आणलेले. एक गोष्ट आधीच सांगतो. ॲपलच्या परवान्यानुसार मॅकओएस फक्त ॲपलच्या यंत्रांवरच चालवायला परवानगी आहे. हा प्रकार हौसेचा आहे, दुरुस्तीसाठी कुठलंही सर्व्हिस सेंटर दारात उभं करणार नाही, आणि ऑफिसचं काम या एकाच मशीनवर टांगून ठेवू नये.

आज्ञा आणि फायलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची, डॅश दिसेल तिथे डॅश, जागा दिसेल तिथे जागा.

आधी पेन ड्राइव्ह आणि वही

एक जुना पेन ड्राइव्ह घ्या, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा आणि चालू अवस्थेतलं अख्खं ईएफआय फोल्डर, म्हणजे ओपनकोअर आणि त्याच्या सगळ्या फायली, त्यावर उतरवा. यापुढचा प्रत्येक बदल या पेन ड्राइव्हवरच्या कॉन्फिग डॉट पीलिस्ट या सेटिंगच्या फाइलमध्ये करायचा आणि बायोसच्या बूट मेनूतून पेन ड्राइव्ह निवडून मशीन चालू करायचं. बदल फसला तर पेन ड्राइव्ह उपटा, एसएसडीवरचं जुनं ईएफआय आहे तसंच आहे. बदल दोन-तीन दिवस टिकला की मगच तो एसएसडीवर न्यायचा.

बरोबर एक वही ठेवा. तारीख, काय बदललं, काय झालं. एका वेळी एकच बदल. हे वाचताना सगळे मान डोलावतात आणि रात्री बाराला एकदम चार केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर) बदलतात. मीही त्यातलाच.

नेट चालत नाही म्हणजे नेमकं काय होतंय?

"नेट नाही" या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडा आणि आपली कोणती ते ठरवा.

पहिली: इथरनेटचं नावच यादीत नाही. म्हणजे ड्रायव्हर, म्हणजेच केक्स्ट, चढलेला नाही. त्यासाठी चिप कोणती ते आधी नक्की करा. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाचा हार्डवेअर आयडी बघा. ८०८६ ने सुरू होणारा असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक. इंटेल आय-२१९ ला इंटेलमाऊसी हा केक्स्ट लागतो. रिअलटेकची एक गिगाबिटची ८१११ असेल तर रिअलटेक आरटीएल ८१११, अडीच गिगाबिटची ८१२५ असेल तर लूसी आरटीएल ८१२५ इथरनेट. इंटेलच्या अडीच गिगाबिटच्या आय-२२५ चं जरा निराळं आहे. जुन्या लेखांत तिच्यासाठी डिव्हाइस आयडी फसवण्याची युक्ती सापडेल, पण आता ॲपल-आयजीसी नावाचा केक्स्ट आहे, तो आधी लावून बघा.

केक्स्ट फोल्डरात टाकला म्हणजे तो चढला असं नाही. कॉन्फिगच्या कर्नल विभागात, ॲड या यादीत त्याची नोंद हवी आणि लिलू हा पायाभूत केक्स्ट सगळ्यांच्या वर हवा. कॉन्फिग बदलायला प्रॉपरट्री हे ॲप वापरत असाल तर ओसी स्नॅपशॉट घेतल्यावर ही नोंद आपोआप होते. खरंच चढला का हे बघायला टर्मिनलमध्ये 'केएक्सटीस्टॅट' द्या आणि यादीत नाव शोधा.

दुसरी तक्रार: इथरनेट दिसतं, पण "केबल जोडलेली नाही" असं येतं, आणि मागे सॉकेटवरचा दिवा मात्र लुकलुकतोय. रिअलटेक चिप आणि त्याच मशीनवर विंडोजही असेल तर हमखास कारण हे: विंडोज बंद होताना कार्डाला अर्धवट निजलेल्या अवस्थेत सोडून जातं आणि मॅकओएसला ते जागं करता येत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, कार्डाच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधलं शटडाउन वेक-ऑन-लॅनही बंद करा. मग मशीन बंद करून मागची पॉवर केबल काढा, कॅबिनेटचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा आणि पुन्हा जोडा. नुसतं रीस्टार्ट करून हे जात नाही, कारण त्यात कार्डाची वीज तुटतच नाही.

तिसरी तक्रार: इथरनेट जोडलेलं दिसतं, पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो. ही खरं तर चांगली बातमी आहे. ड्रायव्हर चालतोय, केबल चालतेय, फक्त राउटरकडून पत्ता मिळत नाही. आता केक्स्टशी खेळायचं कारण नाही. गडबड मशीनच्या बाहेर आहे.

इथे माझा एक आख्खा रविवार गेला. राउटरवर संशय आला म्हणून मी फायबरच्या डब्यातून येणारी लॅनची वायर राउटरमधून काढून सरळ मशीनला लावली. पत्ता १६९.२५४. केक्स्ट बदलला, तेच. जुनी आवृत्ती आणली, तेच. शेवटी आमच्या भागातल्या केबल-नेटवाल्या दादाला फोन लावला.

"दादा, नेट येत नाहीये."

"मॅक बदललाय का?"

मी उडालोच. याला कसं कळलं? "हो, विंडोज काढून मॅक टाकलाय," मी म्हणालो.

तिकडे दोन सेकंद शांतता. "साहेब, तो मॅक नाय. मॅक ॲड्रेस. तुमच्या राउटरचा मॅक आमच्याकडे बांधलेला आहे, दुसरं काय लावलं तर नेट देणारच नाय."

मॅक ॲड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक. ठाणे-कळवा-ऐरोली पट्ट्यात छोट्या केबल ऑपरेटरकडून नेट घेणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावं. राउटर वगळून चाचणी करायची असेल, किंवा नवं लॅन कार्ड थेट त्यांच्या वायरला लावणार असाल, तर आधी फोन करून नवा मॅक ॲड्रेस नोंदवून घ्या. नाहीतर वायर मुकाट राउटरला परत लावा.

नेटच नाही तर केक्स्ट उतरवायचा कशाने, हा पुढचा प्रश्न. घरात आयफोन असेल तर तो यूएसबी केबलने जोडून हॉटस्पॉट सुरू करा, मॅकओएस त्याला लगेच ओळखतं. बहुतेक अँड्रॉइड फोनचं केबल-टेदरिंग मात्र मॅकओएसला कळत नाही. तेव्हा फायली फोनवर उतरवून दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हमध्ये घ्या.

नेट चालतंय, पण ॲप स्टोअर म्हणतंय या यंत्राची पडताळणी होत नाही? मग तुमचं मुख्य इथरनेट ईएन-झिरो या नावाने, अंगभूत म्हणून नोंदलेलं नाही. सिस्टिम सेटिंग्जमधून सगळ्या नेटवर्क जोडण्या काढून टाका. मूळ लायब्ररीतल्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम-कॉन्फिगरेशन नावाचं फोल्डर आहे, त्यातल्या नेटवर्क-इंटरफेसेस आणि प्रेफरन्सेस या दोन पीलिस्ट फायली बाहेर काढून ठेवा. मशीन रीस्टार्ट करा आणि इथरनेट आधी, वाय-फाय नंतर असं पुन्हा जोडा. कॉन्फिगमध्ये प्लॅटफॉर्म-इन्फोखाली रॉम नावाचा रकाना असतो, त्यात ईएन-झिरोचा मॅक ॲड्रेस कोलनशिवाय भरा.

वाय-फायबद्दल थोडक्यात. इंटेलचं कार्ड असेल तर आयटीएलडब्ल्यूएम आणि त्याच्या जोडीचं हेलिपोर्ट हे ॲप वापरा. नेट चालेल, एअरड्रॉप चालणार नाही. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा आधार ॲपलने सोनोमापासून, म्हणजे व्हेंच्युरानंतरच्या आवृत्तीपासून, काढून टाकला, पुढे न्यायचं तर सिस्टिमवर ठिगळ लावावं लागतं. मी व्हेंच्युरावर थांबलोय ते याचसाठी. तसंही ताहो ही इंटेल प्रोसेसरसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय. आता नव्या आवृत्तीच्या मागे धावण्यात राम नाही, चालतंय ते नीट बसवावं.

यूएसबीचे १५ पोर्ट

मॅकओएस एका यूएसबी कंट्रोलरवर १५ पेक्षा जास्त पोर्ट मानत नाही. आपल्याला वाटतं माझ्या मशीनला तर नऊ-दहाच भोकं आहेत. पण निळ्या रंगाचा प्रत्येक यूएसबी-३ पोर्ट दोन म्हणून मोजला जातो, एक जुन्या वेगाचा आणि एक नव्या. शिवाय बोर्डावरच्या पिना, ब्लूटूथ, आरजीबी दिव्यांचा कंट्रोलर हेही मोजणीत येतात. मर्यादा ओलांडली की काही पोर्ट मरतात आणि झोपायच्या वेळी कंट्रोलर गोंधळतो. पूर्वी ओपनकोअरमध्ये ही मर्यादा उठवणारा एक क्वर्क, म्हणजे खास जुगाडू सेटिंग, चालायचा. मॅकओएस बिग सर ११.३ पासून तो उपयोगाचा नाही, त्यामुळे पोर्टांचा नकाशा करण्याला पर्याय उरलेला नाही.

त्यासाठी यूएसबी-टूलबॉक्स हा प्रोग्रॅम विंडोजमध्ये चालवा. एक यूएसबी-२ चा आणि एक यूएसबी-३ चा पेन ड्राइव्ह घेऊन पुढच्या-मागच्या प्रत्येक भोकात दोन्ही लावत जा. टाइप-सी पोर्टात दोन्ही बाजूंनी. पडद्यावर कोणता पोर्ट जागा झाला ते दिसतं. तेवढेच ठेवा, बाकीचे गाळा. मी टेबलाखाली मोबाइलचा टॉर्च दातांत धरून हे केलं. मागच्या पोर्टांना आधी स्केचपेनने आकडे घाला, अर्धा वेळ वाचेल.

मग येतो प्रत्येक पोर्टचा प्रकार आकड्याने ठरवण्याचा भाग, आणि झोपेचं कुलूप इथेच आहे. यूएसबी-२ ला ०, यूएसबी-३ ला ३, टाइप-सी ला ९ किंवा १०, आणि कॅबिनेटच्या आत कायम जोडलेल्या वस्तूला २५५. ब्लूटूथ ज्या पोर्टवर आहे तो २५५ असायलाच हवा. तो बाहेरचा म्हणून नोंदला गेला तर मॅकओएसला वाटतं की कुणीतरी काहीतरी उपटतंय आणि खोचतंय, मग मशीन निजत नाही किंवा लगेच उठतं. तयार झालेला केक्स्ट लावा आणि स्कायलेक (इंटेलची सहावी पिढी) किंवा त्यानंतरच्या पिढीच्या बोर्डावर एसएसडीटी-ईसी-यूएसबीएक्स ही फाइल ईएफआयमधल्या एसीपीआय फोल्डरात, म्हणजे बोर्डाची माहिती मॅकओएसला सांगणाऱ्या फायलींत, आहे ना ते तपासा. यूएसबीला झोपेत आणि जागेपणी किती वीज द्यायची ते तिच्यातून ठरतं.

बायोस, आणि एक छोटी बॅटरी

बायोसमध्ये फास्ट बूट, सीएसएम, सिरियल पोर्ट, सीएफजी लॉक आणि वेक-ऑन-लॅन बंद. एक्सएचसीआय हँड-ऑफ चालू. माझ्यासारखा बी-३६०, किंवा एच-३७०, झेड-३९० असेल तर एसएसडीटी-पीएमसीही लागते, तिच्याशिवाय एनव्हीरॅम (मशीन बंद असतानाही सेटिंग लक्षात ठेवणारी मेमरी) नीट चालत नाही.

सगळं लावूनही दर काही दिवसांनी झोप बिघडत असेल आणि मध्ये एकदा लाइट गेलेली असेल, तर बोर्डावरची सीआर २०३२ बटण-बॅटरी बदला. ती उतरली की वीज पूर्ण गेल्यावर बायोस सगळं विसरून मूळ सेटिंगवर जातो आणि आपण कॉन्फिगमध्ये चुका शोधत बसतो. गोखले रोडवरच्या घड्याळाच्या दुकानात मिळून जाईल.

झोप: अंदाज नको, लॉग वाचा

आधी टर्मिनलमध्ये 'सुडो पीएमसेट -ए हायबरनेटमोड ०' द्या, आणि त्याच पद्धतीने स्टँडबाय, ऑटोपॉवरऑफ आणि पॉवरनॅप ० करा. डेस्कटॉपवर रॅममधली साधी झोप पुरते. सगळी रॅम डिस्कवर उतरवून निजण्याचा प्रकार हॅकिंटॉशवर जास्त घोळ घालतो. मात्र याचा अर्थ लाइट गेली आणि यूपीएसही संपला की न जतन केलेलं काम गेलं. झोपवण्याआधी कमांड-एस.

आता ॲपल मेनूतून स्लीप द्या आणि हात मागे घेऊन बसा. पंखे थांबले आणि पॉवरचा दिवा मिणमिणायला लागला की मशीन निजलं. नुसता पडदा काळा होणं म्हणजे झोप नव्हे.

आपोआप निजतच नसेल तर 'पीएमसेट -जी असर्शन्स' द्या. कोणता प्रोग्रॅम जागं ठेवतोय त्याचं नाव तिथे येतं. बहुतेकदा अडकलेलं प्रिंट, चालू बॅकअप, किंवा ब्राउझरच्या कुठल्यातरी टॅबमध्ये चालू राहिलेला व्हिडिओ निघतो. यात हॅकिंटॉशचा काही दोष नसतो.

निजून लगेच किंवा मध्यरात्री उठत असेल तर 'पीएमसेट -जी लॉग' द्या आणि वेक शब्दाच्या ओळी शोधा. ओळीच्या शेवटी 'ड्यू टू' नंतर कारण असतं. एक्सएचसी म्हणजे यूएसबी. जीएलएएन म्हणजे लॅन. पीडब्ल्यूआरबी म्हणजे पॉवरचं बटण. आरटीसी म्हणजे मॅकओएसने स्वतःच लावलेला गजर. हा गजर डार्क वेकचा, म्हणजे पडदा न उजळता गुपचूप उठण्याचा असतो. पॉवरनॅप बंद केल्यावरही तो छळत असेल तर कॉन्फिगमधल्या बूट आर्ग्युमेंटमध्ये (सुरू होताना मॅकओएसला द्यायच्या सूचना) 'डार्कवेक=०' घालून बघा. लॅनचं नाव आलं तर पीएमसेटनेच 'वूम्प ०' करा, म्हणजे नेटवर्कवरून उठवणं बंद. 'टीसीपीकीपअलाइव्ह ०' केलंत तर हरवलेला मॅक शोधण्याची 'फाइंड माय' ही सोय झोपेत चालणार नाही, हे ध्यानात असू द्या.

मी हा लॉग न वाचताच डार्कवेकचे आकडे बदलत बसलो होतो. वाचला तेव्हा तिन्ही रात्री एकच: एक्सएचसी. मग ब्लूटूथ तपासलं, २५५ होतं. माउस काढला, कीबोर्ड काढला. तरी रात्री उठलं. पाचव्या रात्री मी मुद्दाम अंथरूण टेबलाजवळ घातलं. बाहेर पाऊस कोसळत होता. पंख्याचा वेग क्षणभर उतरला, टेबलाखालून यूपीएसच्या रिलेचा 'खट्' असा आवाज आला, आणि त्याच्यामागोमाग मॉनिटर उजळला. व्होल्टेज पडलं की यूपीएस बॅटरीवर जायचा, तशी वर्दी आपल्या यूएसबी केबलवरून द्यायचा आणि मशीन दचकून उठायचं. केबल उपटली. त्यानंतर पावसाळाभर एकदाही उठलं नाही. लाइट बराच वेळ गेल्यावर मशीन आपोआप बंद होण्याची सोय गेली, पण निजलेल्या मशीनला वीज लागते किती! मी ते पत्करलं.

अशी एखादी वस्तू सापडत नसेल आणि निजल्यानिजल्या दोन सेकंदांत उठत असेल, तर जीपीआरडब्ल्यूचा उपाय करा. कोणत्या वस्तूने मशीन उठवायचं ते ठरवणारी ही बोर्डाची पद्धत. ओपनकोअरच्या एसीपीआय पॅचमध्ये जीपीआरडब्ल्यू हे नाव बदलून एक्सपीआरडब्ल्यू करायचं आणि सोबत एसएसडीटी-जीपीआरडब्ल्यू ही फाइल लावायची. काही बोर्डांवर या पद्धतीचं नाव यूपीआरडब्ल्यू असतं, म्हणून आधी स्वतःच्या डीएसडीटीत, म्हणजे बोर्डाच्या मूळ एसीपीआय तक्त्यात, शोधून घ्या. पॅच आणि फाइल दोन्ही बरोबर हवेत, एकटं एक चालत नाही. याची किंमत अशी की कीबोर्ड-माउसने मशीन उठणं बंद होऊ शकतं आणि पॉवर बटणच दाबावं लागतं. म्हणून मी हा उपाय शेवटी ठेवतो.

निजतं, पण उठतच नाही

पंखे सुरू होतात पण पडदा काळा राहतो, तेव्हा ग्राफिक्स बघा. व्हॉटेव्हरग्रीन हा ग्राफिक्सचा केक्स्ट ताजा आहे का? वेगळं कार्ड असून प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही चालू ठेवलं असेल, तर त्याला पडदा न जोडलेला प्लॅटफॉर्म आयडी द्यावा लागतो. आठव्या-नवव्या पिढीला तो ०३००९१३ई. 'नावी' नावाच्या पिढीतल्या रेडिऑन कार्डाला बूट आर्ग्युमेंटमध्ये 'एजीडीपीमॉड=पिकेरा' लागतं. एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल लावून बघायला पैसे पडत नाहीत.

उठताना रीस्टार्ट होऊन बायोस "सेटिंग्ज मूळ पदावर आणली" अशी तक्रार करत असेल तर कॉन्फिगच्या कर्नल क्वर्क्समधलं डिसेबल-आरटीसी-चेकसम चालू करा.

आणि रीस्टार्टनंतर मॅकओएसने बिघाडाचा अहवाल दाखवला तर तो घाईने बंद करू नका. "स्लीप ट्रान्झिशन टाइम्ड आउट आफ्टर १८० सेकंद्स" असं काही दिसलं की त्याच्या आसपास सस्पेक्टेड बंडल म्हणून एक नाव असतं. तीन मिनिटं वाट बघायला लावणारा ड्रायव्हर तोच. पहिला बदल त्याचा.

उठतं, पण नेट मेलेलं

'सुडो आयएफकॉन्फिग ईएन० डाउन' आणि मग त्याच ओळीत डाउनच्या जागी अप. एवढ्याने नेट आलं तर दोष ड्रायव्हरच्या झोपेत आहे. नेटवर्क सेटिंगमध्ये त्या इथरनेटच्या तपशिलात जा, हार्डवेअर पोटविभागात स्वयंचलितऐवजी मॅन्युअल निवडा, वेग आहे तोच ठेवा, पण ड्युप्लेक्सच्या यादीतून एनर्जी-एफिशियंट-इथरनेट हे शब्द नसलेला पर्याय घ्या. वीज वाचवण्यासाठी कार्ड आणि राउटर एकमेकांना डुलकी घेऊ देतात, आणि झोपेतून उठल्यावर दोघांचं जुळत नाही. माझ्या आय-२१९ वर एवढ्यानेच काम झालं. आज्ञेने नेट आलं नाही आणि पत्ता पुन्हा १६९.२५४ दिसला तर राउटर बंद-चालू करा, मग बाकीचं.

शेवटची चाचणी मी रात्री करत नाही, संध्याकाळी करतो. मशीन निजवायचं, घड्याळ बघून वहीत वेळ लिहायची आणि तलावपाळीला एक चक्कर मारून यायचं. परत आल्यावर उठवून पाच गोष्टी बघायच्या: इथरनेटला पत्ता मिळाला का, आवाज येतो का, ब्लूटूथ जोडलं गेलं का, पुढच्या पोर्टात लावलेला पेन ड्राइव्ह दिसतो का, आणि लॉगमध्ये मधल्या वेळेत एकही वेक नाही ना. मग रात्रभराची झोप. असं तीन रात्री सलग जमलं की पेन ड्राइव्हवरचं ईएफआय एसएसडीवर उतरवा, आणि पेन ड्राइव्हवर तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवून द्या.